कमळपक्ष्याची अंडी

ज्या फोटोचं सगळे कौतुक करतायत, तो छापायला द्यावा का, हे माझ्या मनातून जात नाही. कमळपक्ष्याचा नर चोच आणि छातीच्या बेचक्यात अंडं धरून मागे मागे सरकतोय, असा तो फोटो.

कमळपक्ष्यांत संसार बापाच्या गळ्यात असतो. मादी चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. मग 26 ते 28 दिवस उबवणं आणि पुढे पिल्लं सांभाळणं त्याच्याकडे. घरटं म्हणजे तरंगत्या पानांवर चार काड्या. अंडी तांब्याच्या भांड्यासारखी चकचकीत तपकिरी.

त्या सकाळी होडी शिंगाड्याच्या वेलांत थांबवून आम्ही बसलो होतो. या पक्ष्याचं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, फार जिकिरीचं. अंग काळपट, तोंड, गळा आणि पंख पांढरेशुभ्र. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो काळ्याला उजळायला जातो आणि पंखाची पिसं पांढऱ्या डागात विरून जातात. मी मॅन्युअलवर, म्हणजे उजेड स्वतः ठरवून, पांढऱ्यालाच धरून चालतो. सावली नंतर उचलता येते, जळलेलं पांढरं परत येत नाही.

तेवढ्यात दुसरी होडी आली. त्यांना 'क्लीन फ्रेम' हवी होती, म्हणजे मध्ये काहीही न येणारा फोटो. त्यांच्या नावाड्यानं बांबूनं घरट्यापुढची पानं बाजूला सारली. मी ओरडलो, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला त्रास देणं हीसुद्धा शिकारच आहे. "दोनच मिनिटं, सर," उत्तर आलं. नर पंख पाडून लंगडत दूर जाऊ लागला. शत्रूला घरट्यापासून लांब नेण्याची ही त्याची धडपड. त्या धडपडीचेही फोटो निघाले. नावाड्याला मी दोष देत नाही, त्याचं घर बक्षिशीवर चालतं. पण लाखोंच्या लेन्स बाळगणाऱ्यांना ही पानं म्हणजेच अंड्यांचं छप्पर, हे माहीत नसतं असं मला वाटत नाही.

ते गेल्यावर नर परतला. उघड्या पडलेल्या अंड्यांभोवती फिरला आणि एकेक अंडं दाट पानांकडे ओढू लागला. दोन हलवून झाली तेव्हा आम्हीही होडी मागे घेतली.

संपादकांना फोटोखाली 'पितृप्रेम' हवंय. माझी ओळ आहे, 'माणसांनी घरट्यापुढची पानं काढल्यावर अंडी हलवणारा नर'. ती बदलणार असाल तर फोटो परत घेतो, असं कळवलंय. उत्तर यायचंय.