तेच गाणं, पण ते नव्हे

रविवार, रात्री

जुनी अमेरिकी गाणी ऑनलाइन विकत घेताना सगळ्यात जास्त फसवतात ते दोन शब्द: ‘ओरिजिनल आर्टिस्ट’. गायक खरंच मूळचा असतो. ध्वनिमुद्रण मात्र पुष्कळ वर्षांनंतरचं असू शकतं. मूळ टेपवर मालकी कंपनीची. गायक दुसऱ्या कंपनीत गेला की तिलाही त्याची गाजलेली गाणी हवी असतात. जुन्या करारात अमुक वर्षं तीच गाणी पुन्हा न गाण्याची अट असते. ती संपली की स्टुडिओ बुक.

रॉक अँड रोल गायक चक बेरीची गाणी गाजली ती चेस कंपनीत. १९६६ मध्ये तो मर्क्युरीकडे गेला आणि १९६७ च्या ‘गोल्डन हिट्स’साठी त्याने तीच गाणी नव्याने वाजवली. आज दोन्ही कंपन्यांचा संग्रह युनिव्हर्सलकडे आहे. म्हणजे पानाच्या तळाशी मोठ्या कंपनीचं नाव बघून निर्धास्त व्हायची सोय नाही. तिथेच वर्तुळातल्या ‘पी’पुढे (ध्वनिमुद्रणाच्या हक्काची खूण) जे साल असतं तेही जपून वाचावं, कारण कधी ते नुसतं संकलनाचं असतं.

एव्हर्ली ब्रदर्स या गायक भावांच्या जोडीचं प्रकरण जास्त चिवट. कॅडेन्सकडची १९५७ पासूनची गाणी त्यांनी वॉर्नरसाठी १९६४ च्या संग्रहात पुन्हा गायली. मध्ये जेमतेम सात वर्षं. आवाज तसेच तरुण, त्यामुळे कान सहज चकतो. इथे इअरफोन कामाला येतो. विकत घेण्याआधी ऐकायला मिळतो तो छोटा नमुना लावायचा आणि एकदा डावा, एकदा उजवा कान काढायचा. मोनोत दोन्हीकडे सगळं सारखंच ऐकू येतं. एका बाजूला एखादं वाद्य गायब झालं, तर ते स्टिरिओ आहे. कॅडेन्सची सिंगल्स मोनोत निघालेली, तेव्हा संशय घ्यायलाच हवा. एरवी नुसत्या स्टिरिओवरून निकाल देऊ नये. १९५८ नंतर अस्सल स्टिरिओ मुद्रणंही निघत होती.

गायकाचं वय झालेलं असेल तर पट्टी तपासावी. मूळ गाणं काळी चारमध्ये आणि नमुना पांढरी पाचमध्ये निघाला, तर बहुधा नवं मुद्रण. टेपच्या वेगाने मूळ प्रतींतही थोडा फरक पडतो, पण पूर्ण अर्धा स्वर क्वचितच. लांबीत तीन-चार सेकंद इकडेतिकडे झाले तर सोडून द्यावं. मूळ गाणं हळूहळू विरत संपत असेल आणि हे ठणकन थांबत असेल, तर मात्र पैसे खिशातच ठेवावेत. अडचण एवढीच की नमुन्यात शेवट सहसा नसतो. तो स्ट्रीमिंगवर ऐकून घ्यावा.

‘रीमास्टर’ला, म्हणजे जुन्याच मुद्रणाचा आवाज नव्याने घोटण्याला, घाबरायचं कारण नाही, टेप तीच असते. आपल्याकडच्या ‘झंकार’ प्रतींचा प्रकार तिसराच: गळा मूळचा, त्यावर नंतर चढवलेला ठेका. ऑक्टोपॅडखाली चिरडलेला तबला ऐकवत नाही, पण निदान नावातच सांगितलेलं असतं.

स्वस्त संकलन एकगठ्ठा घेऊ नये, एकेक गाणं तपासावं. एव्हर्लींच्या त्या १९६४ च्या संग्रहातच कॅडेन्सची गाणी पुन्हा गायलेली, आणि शेजारी वॉर्नरची मात्र मूळ मुद्रणं.