हसन गंगूची कबर शोधताना: गुलबर्ग्याची एक फेरी

सोलापूरहून गुलबर्गा रेल्वेने सव्वाशे किलोमीटरच्या आतच. आता नाव कलबुर्गी, तिकीट काढताना तेच शोधावं लागतं. सकाळची गाडी धरा म्हणजे ऊन चढायच्या आत किल्ला उरकतो. एप्रिल-मेमध्ये मात्र या वाटेला जाऊच नये.

बहुतेक मंडळी ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यासाठी येतात. मी आलो होतो बहमनी राज्याचा संस्थापक अलाउद्दीन हसन बहमनशहा ऊर्फ हसन गंगू याच्यासाठी. महंमद तुघलकाविरुद्ध दख्खनच्या अमीरांनी बंड केलं, त्यांनी आधी गादीवर बसवलेला म्हातारा इस्माईल मुख बाजूला झाला आणि 1347 मध्ये दौलताबादेत हसन सुलतान झाला. म्हणजे सुरुवात आपल्याकडचीच. मग राजधानी गुलबर्ग्याला आली. गंगू ब्राह्मणाच्या शेतात नांगरताना त्याला धनाचा हंडा सापडला, ही फरिश्ता नावाच्या जुन्या इतिहासकाराने सांगितलेली गोष्ट तुम्हाला इथेही कोणीतरी ऐकवेल. ऐकून घ्या, गोष्ट झकास आहे. इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. स्वतः हसन आपलं कूळ इराणच्या बहमन राजाशी जोडत असे.

त्याची कबर किल्ल्याबाहेर, पण जवळच आहे. नुसतं ‘सुलतानाची कबर’ म्हटलंत तर रिक्षावाला तुम्हाला थेट हफ्त गुंबजला, म्हणजे नंतरच्या बहमनी सुलतानांच्या कबरींपाशी नेईल. म्हणून किल्ल्यापाशी उतरा आणि तिथल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारा. हिंदी-दख्खनी सगळ्यांना कळते, मराठीवरही बरंच निभावतं. इमारत लहानशी, चौकोनी. भिंती वर जाताना आत कललेल्या, घुमट बसका. ही सरळसरळ दिल्लीच्या तुघलकांची धाटणी! ज्यांच्याविरुद्ध तलवार उपसली, त्यांच्याच पद्धतीच्या घुमटाखाली हा 1358 पासून झोपलाय. मला तरी सगळ्या गुलबर्ग्यात याहून बोलकं काही दिसलं नाही.

किल्ल्यातली जामा मशीद त्याच्या मुलाच्या, पहिल्या महंमदशहाच्या काळातली, 1367 ची. मशिदीला एरवी असतं तसं उघडं अंगण इथे नाहीच, सगळीच छताखाली. आत कमानींच्या रांगांतून थंडगार वाटतं, दुपारची वेळ इथेच काढा. बुरुजावरची लांबलचक तोफ पाहायची तर चढताना जपून.

हफ्त गुंबज शहराच्या पूर्वेला, तिथवर रिक्षाच करा. तो शेवटी ठेवा, हे माझं आग्रहाचं सांगणं. आधी हसनची साधी कबर पाहिलेली असली, की 1422 मध्ये वारलेल्या फिरोजशहाचा जोडघुमट आणि त्यावरचं चुन्याचं नक्षीकाम पाहून हे घराणं पाऊणशे वर्षांत कुठून कुठे गेलं ते न सांगता कळतं.

दर्गाही तिथून फार लांब नाही. डोक्याला रुमाल हवा. जिल्काद या मुस्लिम महिन्याच्या मध्यावर उरूस असतो. त्या दिवसांत जायचं तर खोली आधीच सांगून ठेवा. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी सहज मिळते, आणि तूरडाळ तर इथलीच.