फ्रुक्टोजने इन्सुलिन चढत नाही, मग भांडण कशाचं?

माझा भाचा मला व्हिडिओ पाठवतो. वय तिशीच्या आत, पोट नुकतंच सुटायला लागलेलं, आणि डॉक्टरपेक्षा मोबाइलवर भरवसा जास्त. मध्यंतरी त्याने पाठोपाठ दोन व्हिडिओ धाडले. पहिल्यातल्या गृहस्थांचं म्हणणं, माणूस जाड होतो तो इन्सुलिनमुळे; जेवल्यावर इन्सुलिन चढू दिलं नाही की काम फत्ते. दुसऱ्यातल्यांचं म्हणणं, सगळ्याच्या मुळाशी फ्रुक्टोज, म्हणजे फळांत आणि साध्या साखरेत असणारी एक साखर. खाली भाच्याचा मेसेज: "मावशी, दोन्ही एकदम पटलं. आजपासून फळंसुद्धा बंद."

मी नोकरीभर बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे घरात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्याकडे येतो, आणि असले व्हिडिओही. फळं बंद करण्याचं मला फारसं काही वाटलं नाही, तिशीच्या आतले निश्चय आठवडाभर टिकतात. पण ते दोन व्हिडिओ एकमेकांच्या तोंडावर भांडतायत, हे त्याच्या गावीही नव्हतं. खरं सांगायचं तर या विषयावर तावातावाने बोलणाऱ्या बऱ्याच जणांच्या नसतं.

फ्रुक्टोज ही अशी साखर आहे, जी एकटी खाल्ली तर इन्सुलिन जेमतेम हलतं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या बीटा पेशी ग्लुकोज ओळखतात. फ्रुक्टोजकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं. ग्लुकोजचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातलं ग्लुकोज किती चढतं याचं माप, १०० धरला, तर फ्रुक्टोजचा विशीच्या आसपास येतो. या गुणावरच एके काळी फ्रुक्टोज मधुमेहींसाठी चांगलं म्हणून खपवलं गेलं. म्हणजे जेवणानंतर चढणारं इन्सुलिन हाच आरोपी असेल, तर फ्रुक्टोजला सोडून द्यावं लागेल. आणि फ्रुक्टोज दोषी असेल, तर त्याची वाट वेगळी असली पाहिजे.

आमच्या यंत्रांनाही फ्रुक्टोज दिसत नाही. लॅबमध्ये रक्तातली साखर मोजायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, ग्लुकोज ऑक्सिडेज आणि हेक्सोकायनेज, आणि दोन्ही फक्त ग्लुकोज पकडतात. दंडाला चिकटवायचे जे सेन्सर आता मधुमेह नसलेले लोकही हौसेने लावतात, तेही ग्लुकोजच मोजतात. फ्रुक्टोजचा पाक प्यायलात तर मोबाइलवरची रेघ सपाट राहील आणि तुम्ही खूश व्हाल. "माझ्या सेन्सरवर काहीच आलं नाही" हे वाक्य हल्ली मी इतक्या वेळा ऐकते, की त्याचा राग यायला लागलाय. न मोजलेलं कसं येईल?

आता ती दुसरी वाट. ग्लुकोज शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी वापरतात. फ्रुक्टोज मोठ्या प्रमाणात आलं की त्याचा बराचसा भार यकृतावर पडतो. ग्लुकोज तोडण्याच्या रस्त्यावर एक नाका आहे, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचं एन्झाइम. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की हा नाका गाड्या अडवतो. फ्रुक्टोज हा नाका चुकवून पुढे निघतं. त्याचं एन्झाइम, फ्रुक्टोकायनेज, थांबतच नाही. समोर येईल त्याला फॉस्फेट लावत सुटतं. त्यात पेशीतलं एटीपी, म्हणजे तिची खर्चायची ऊर्जा, झपाट्याने संपतं, आणि उरलेल्या अवशेषांतून युरिक अॅसिड तयार होतं. पुढे जो कच्चा माल साठतो, त्यातला काही ग्लुकोज आणि ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) होतो, आणि काहीची चरबी. ही चरबी काही यकृतात राहते, काही व्हीएलडीएल कणांत भरून रक्तात सोडली जाते, आणि रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड म्हणून उमटते.

ट्रायग्लिसराइड डोळ्यांनी दिसतं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की वर येणारं सीरम स्वच्छ, फिकट पिवळं असायला हवं. कधी ते गढूळ येतं, कधी चक्क दुधासारखं. अशी ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवायची जुनी पद्धत आहे. सकाळी वर साय धरली आणि खालचं सीरम नितळ झालं, तर ते कायलोमायक्रॉन, म्हणजे आतड्यातून आलेली जेवणातली चरबी. बहुतेक वेळा पेशंट उपाशी आलेलाच नसतो. साय न धरता सगळं सीरम सारखंच गढूळ राहिलं, तर ते व्हीएलडीएल, यकृताने स्वतः बनवून बाहेर पाठवलेलं. नवीन आलेल्या मुलांना मी हे मुद्दाम दाखवायची. तेल-तूप न खाणाऱ्या माणसाचं सीरम असं गढूळ कसं, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या ट्यूबमध्येच असायचं. अर्थात दारू, थायरॉइड, आनुवंशिक दोष, बेताल मधुमेह यांनीही ते होतं. गढूळ सीरम पाहून "हा साखर पितो" म्हणणं शहाणपणाचं नाही.

इथवर फ्रुक्टोजविरोधी मंडळींचं बरोबर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे बालरोग-हार्मोनतज्ज्ञ रॉबर्ट लस्टिग २००९च्या एका भाषणाने जगभर पोहोचले, ते याच जीवरसायनशास्त्राच्या जोरावर. फळ्यावर बाण काढून ही साखळी दाखवली की ऐकणारा हबकतोच. अडचण पुढे येते: हे बाण माणसात, रोजच्या प्रमाणात, किती जाड असतात?

२००९ सालीच किंबर स्टॅनहोप आणि पीटर हॅवेल यांच्या गटाने वजन जास्त असलेल्या लोकांना दहा आठवडे, एकूण उष्मांकांच्या २५ टक्के, एका गटाला ग्लुकोजचं तर दुसऱ्याला फ्रुक्टोजचं पेय दिलं. वजन दोन्हींत साधारण सारखंच वाढलं. पण पोटातली खोल चरबी फ्रुक्टोजवाल्यांची जास्त वाढली, यकृतात नवी चरबी बनण्याचा वेग वाढला, इन्सुलिनची संवेदनशीलता घटली. प्रयोग चोख, निकाल स्पष्ट. फक्त प्रमाण बघा. २,००० किलोकॅलरींच्या २५ टक्के म्हणजे १२५ ग्रॅम शुद्ध फ्रुक्टोज. साध्या साखरेत निम्मं फ्रुक्टोज, निम्मं ग्लुकोज असतं. अर्धा लिटर गोड थंड पेयात साधारण ५० ग्रॅम साखर धरली, तर एवढ्या फ्रुक्टोजसाठी रोज अडीच लिटर प्यावं लागेल.

उलट बाजूचाही प्रयोग आहे. २०१३ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या पुरुषांना एकूण उष्मांक न वाढवता तेवढंच २५ टक्के फ्रुक्टोज किंवा ग्लुकोज दिलं, तेव्हा यकृतातल्या चरबीत दोन गटांत फरक पडला नाही. उष्मांक वाढवून दिले, तेव्हा दोन्ही गटांत चरबी वाढली, सारखीच. टोरांटोचे जॉन सीवेनपायपर अशा प्रयोगांची बेरीज करून वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत: दुसऱ्या कर्बोदकाच्या जागी तेवढेच उष्मांक देणारं फ्रुक्टोज आलं तर वजन वाढत नाही, वरून ओतलं तर वाढतं. त्यांच्या संशोधनाला खाद्य आणि पेय उद्योगाचा पैसा मिळाला आहे, हे लक्षात ठेवून वाचावं. पण तेवढ्यावरून आकडे फेकून देता येत नाहीत.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो स्वित्झर्लंडचा प्रयोग, २०२१चा. ९४ निरोगी तरुण पुरुषांना सात आठवडे रोज ८० ग्रॅम साखर पेयातून दिली: कुणाला फ्रुक्टोज, कुणाला साधी साखर, कुणाला ग्लुकोज. ८० ग्रॅम म्हणजे पाऊण लिटर गोड पेय. इतकं पिणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. फ्रुक्टोज आणि साधी साखर घेणाऱ्यांच्या यकृतात चरबी बनण्याचा वेग दुप्पट झाला, ग्लुकोजवाल्यांचा नाही. यकृतात साठलेली चरबी मात्र तेवढ्या काळात वाढली नाही. माझ्या लेखी हा मुद्दा इथेच बसतो. बाण खरा आहे, रोजच्या प्रमाणातही खरा आहे, आणि तरी तो एकटा कुणाला सात आठवड्यांत आजारी पाडत नाही.

लस्टिग यांच्या गटाचा प्रसिद्ध प्रयोग लठ्ठ मुलांवरचा: नऊ दिवस साखर काढून तिच्या जागी तेवढाच स्टार्च. यकृतातली चरबी ७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आली. आकडा डोळ्यांत भरतो. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मुलांचं वजनही थोडं उतरलं होतं. तरी गंमत बघा: स्टार्च म्हणजे ग्लुकोजच. इन्सुलिन चढवणारी साखर तशीच ठेवून न चढवणारी काढली, आणि तब्येत सुधारली! पहिल्या व्हिडिओतल्या गृहस्थांनी यावर काहीतरी बोलायला हवं.

इन्सुलिनच्या बाजूचा इतिहासही कमी मजेदार नाही. पत्रकार गॅरी टॉब्स यांनी हा सिद्धांत लोकांपर्यंत नेला: कर्बोदकं इन्सुलिन चढवतात, इन्सुलिन चरबी पेशींत अडकवून ठेवतं, म्हणून भूक लागते. त्यांनी आणि डॉक्टर पीटर अटिया यांनी २०१२ साली संस्था काढून हे तपासायला पैसा उभा केला. त्या पैशातून झालेल्या २०१६च्या प्रयोगात केव्हिन हॉल यांनी १७ पुरुषांना बंदिस्त वॉर्डात ठेवून आधी चार आठवडे नेहमीचा, मग चार आठवडे किटोजेनिक, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी असलेला आहार दिला. इन्सुलिन खूप उतरलं, जवळजवळ निम्म्यावर. ऊर्जेचा खर्च दिवसाला ५७ किलोकॅलरींच्या आसपास वाढला. चरबी जाण्याचा वेग वाढला का? उलट किटो सुरू झाल्यावर तो मंदावला. डेव्हिड लुडविग यांच्या गटाने २०१८ साली १६४ जणांवर इन्सुलिनच्या सिद्धांताच्या बाजूचा निकाल दिला, त्यावर गणिताच्या पद्धतीवरून मोठा वाद झाला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला: वजन अनुक्रमे ५.३ किलो आणि ६ किलो उतरलं, म्हणजे जवळपास सारखंच. कुणाचं इन्सुलिन किती चढतं यावरून कुणाला कोणता आहार लागू पडेल, हेही सांगता आलं नाही. वजन उतरवणारी नवी जीएलपी-१ इंजेक्शनं तर ग्लुकोज वाढल्यावर इन्सुलिन जास्त सोडायला लावतात, आणि तरी माणूस बारीक होतो, कारण भूक मरते.

मग इन्सुलिनचा काहीच संबंध नाही? आहे, पण चढणाऱ्या इन्सुलिनपेक्षा न उतरणाऱ्याचा. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६०च्या सुमारास रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली, तेव्हा कळलं की प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांत इन्सुलिन कमी नव्हतं. शरीर ऐकत नव्हतं म्हणून स्वादुपिंड जास्त ओतत होतं. यकृतात चरबी साठली की यकृत इन्सुलिनचं ऐकणं कमी करतं, रात्रभर नको असताना ग्लुकोज सोडत राहतं, आणि सकाळी उपाशीपोटीही इन्सुलिन चढलेलं असतं. फ्रुक्टोज आणि इन्सुलिन यांची गाठ पडते ती इथे, यकृतात.

आणि ही चरबी कशाने उतरते, तेही माहीत आहे. रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या ब्रिटनमधल्या अभ्यासात मधुमेहींना काही महिने दिवसाला ८५० किलोकॅलरींच्या आतबाहेर, पावडर कालवून केलेलं पेय दिलं. वर्षअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. त्या पेयातले सुमारे ५९ टक्के उष्मांक कर्बोदकांचे होते. किटोवाले हा आकडा सहसा सांगत नाहीत.

फळांबद्दल भाच्याला मी एवढंच म्हटलं, "अरे, एका सफरचंदात दहाएक ग्रॅम फ्रुक्टोज, तेही चावून खायचं, तंतूंसकट. पाच सफरचंदं एका बैठकीत खाऊन दाखव, मग बोलू." ज्यूसची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सूचनांतही ज्यूसमधली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच हिशोबात धरली आहे: एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५. उंदरांमध्ये असं दिसलंय, की थोडं फ्रुक्टोज लहान आतडंच निस्तरतं, आणि एकदम जास्त आलं की ते यकृताकडे वाहून जातं. माणसात असंच घडत असेल तर गिळण्याचा वेगही महत्त्वाचा.

राहिली ती उपाशी इन्सुलिनची तपासणी, जी हल्ली हौसेने करून घेतात. तिच्यावरून शरीर इन्सुलिनचं किती ऐकतं याचा अंदाज देणारं होमा-आयआरचं सूत्र १९८५चं, उपाशी ग्लुकोज गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. संशोधनात गटांची तुलना करायला उत्तम. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच ट्यूबचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे या लॅबमधला ८ आणि त्या लॅबमधला ११ यांची तुलना करत बसू नये. रक्त घेताना लाल पेशी फुटल्या, सीरम गुलाबी आलं, तर त्यांच्यातून बाहेर पडलेलं एन्झाइम ट्यूबमधलं इन्सुलिन खाऊन टाकतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. अशा सॅम्पलवर शेरा मारून ते परत मागवायचं असतं, ते सगळीकडे होतंच असं नाही. मला विचाराल तर पैसे लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एएलटी (यकृताची तपासणी) यांवर घालवा, आणि कमरेभोवती टेप लावा. लॅबला जाताना ज्यूसही पिऊन जाऊ नका. "फक्त ज्यूसच घेतला, खाल्लं काही नाही" म्हणणाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी परत बोलावत असे.