बत्तिसावा तुकडा
नववीच्या सराव परीक्षेचा भूमितीचा गठ्ठा. प्रश्न असा: वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक जोडी जीवेने जोडा, वर्तुळाचे भाग मोजा. १, २, ३, ४, ५ बिंदूंना १, २, ४, ८, १६ भाग पडतात, तर ६ बिंदूंना किती? सोबतच्या उत्तरसूचीत ३२.

३२ कधीच पडत नाहीत. जास्तीत जास्त ३१. म्हणजे ज्यांनी आकृतीला हातही लावला नाही, त्यांना पैकीच्या पैकी.

एकीने प्रत्येक भागात बारीक आकडे घालत ३१ पर्यंत मोजलं होतं. उत्तराच्या ओळीत मात्र ३१ खोडून ३२. दोघांचे ३० आले, पण निरनिराळ्या कारणांनी. एकाने त्रिज्येएवढा कंपास धरून सहा खुणा केल्या. सुसम षटकोन झाला, तिन्ही लांब जीवा केंद्रात एकसंपाती, म्हणजे एकाच बिंदूत मिळालेल्या, आणि एरवी त्यांच्यामध्ये पडणारा छोटा त्रिकोण गायब. दुसऱ्याचे बिंदू वेडेवाकडे होते, पण पेन्सिल बोथट, तोच त्रिकोण रेघांखाली गेला. त्रिज्या ७ सेमी तरी घ्यावी, बिंदू मुद्दाम असमान ठेवावेत आणि मधला त्रिकोण आधी रंगवावा.

सिद्धता अवघड नाही. तीन जीवा आत एकाच बिंदूत मिळत नाहीत असं धरा. नवी जीवा ओढली की १ भाग वाढतो, शिवाय ती आधीच्या जीवांना जितक्या ठिकाणी छेदते तितके आणखी. आतला एक छेदनबिंदू म्हणजे वर्तुळावरचे चार बिंदू. सहातून चार निवडायचे प्रकार १५. जीवाही १५. मूळचा १ धरून ३१. सात बिंदूंना १ + २१ + ३५, म्हणजे ५७. दहा बिंदूंना तर २५६! पुन्हा दोनाचा घात, पण दुपटीने ५१२ हवे होते.

सहकारी म्हणाले, "सर, पाच वेळा जमलं की! आता सूची बदलायची म्हणजे सगळे गठ्ठे पुन्हा." खरी अडचण दुसऱ्या वाक्यात होती. पण पहिलं वाक्यही आमचंच. तीन त्रिकोण कोनमापकाने मोजायचे आणि खाली 'सिद्ध झाले' लिहायचं, ही सवय आम्हीच लावलेली. मग एकरूपतेच्या सिद्धतेत कारण म्हणून 'आकृतीवरून दिसते' येतं, तेव्हा कुणाला बोलणार?

षटकोनवाल्याला पूर्ण गुण दिले. तीन जीवा एकसंपाती नसाव्यात, असं प्रश्नात कुठेच नव्हतं. त्याच्या आकृतीत ३०च आहेत. बोथट पेन्सिलवाल्याचा एक कापला. त्या मुलीच्या पेपरवर अडलोय. खोडलेलं उत्तर धरायचं नाही, हा नियम मीच वर्गात दहा वेळा सांगितलाय.