त्या शेंगा आपल्या शेंगा नव्हेत

सोलापूरच्या माणसाला शेंगा म्हटलं की एकच गोष्ट दिसते, भुईमूग. आमच्याकडे चटणीसुद्धा शेंगाचटणीच, उखळात कुटून तेल सुटलेली. त्यामुळे संडे स्कूलला बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट ऐकताना, म्हणजे तो सगळा पैसा उडवून डुकरं राखायला लागला आणि डुकरं खातात त्या शेंगांनी तरी पोट भरावं म्हणून झुरत होता, शेवटी बापाकडं परतला वगैरे, मला त्याची कधी कीवच आली नाही. शेंगाच आहेत की, खा ना बाबा! उलट डुकरांचे एवढे लाड कोण करतंय असंच वाटायचं.

हे कोडं सुटलं ते थेट पुण्याला बी.डी.ला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीला गेल्यावर, ग्रीकच्या तासाला. ग्रीकचं आणि माझं जमलं नाही कधी, हिब्रू तरी उजवीकडून वाचायची गंमत होती, ग्रीकची क्रियापदं पाठ करता करता मेसचं जेवण थंड व्हायचं. पण त्या दिवशी लूकचा 15वा अध्याय निघाला (येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार, मूळ ग्रीकमधली, त्यांत ही गोष्ट फक्त लूकनेच दिलीय) आणि शब्द आला केरातिया. अर्थ, छोटी शिंगं. कॅरोबच्या झाडाच्या शेंगा, तपकिरी, शिंगासारख्या वाकड्या, चिंचेच्या थोरल्या बहिणी म्हणा. तिकडं जनावरांना घालायचे. सोन्याहिऱ्याचा कॅरेटपण याच शब्दावरून आलाय म्हणे, या शेंगांच्या बिया वजनाला धरायचे, आपल्या सराफांकडे गुंज असायची तसं. मी हात वर करून भुईमुगाचं विचारलं तर वर्ग पाच मिनिटं हसत होता. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, येशूच्या काळी तिकडं दाणासुद्धा नव्हता.

सुट्टीला घरी येताना गाडी केडगाववरून जाते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. आधी मी कधी खिडकीतून मान वर करून बघितलं नव्हतं. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, 1922 साली काम संपवलं आणि त्याच वर्षी गेल्या, छापून निघालं 1924 ला. 66 पुस्तकं! मला एक अध्याय उलगडताना घाम फुटतो.

घरी आज्जी दारात शेंगा फोडत बसलेली, तिला सगळं सांगितलं, शिंगं, कॅरेट, गुंज. तिनं टरफलं बाजूला सारली.

"मग आम्ही इतकी वर्सं चुकीचं वाचायलो का रे?"

"चुकीचं नाही गं, शेंगाच आहेत, फक्त दुसऱ्या झाडाच्या."

"आन् पोरगं लांबनं दिसल्यावर बाप पळत गेला, ते?"

"ते तसंच आहे. ग्रीकमध्येपण पळतच जातोय."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि सूप माझ्याकडं सरकवलं.