शेजारी बसलेल्या दोघांची प्रेमकथा: कमी बजेटमध्ये रोड मूव्ही चित्रित करताना

प्रवासातल्या प्रेमकथेत एक गोम असते. प्रेमात पडणाऱ्यांनी एकमेकांकडे बघायला हवं आणि गाडीत नेमकं तेच करता येत नाही. दोघं शेजारी, समोर रस्ता. चालवणारं पात्र दोन सेकंदांहून जास्त वेळ बाजूला बघत राहिलं की प्रेक्षक संवाद ऐकायचं सोडून रस्त्याची काळजी करू लागतो. म्हणून पटकथेच्या शेवटच्या खर्ड्यात गाडीतल्या प्रत्येक सीनच्या समासात लिहून ठेवावं: कोण कोणाकडे, कधी बघतं. शेजारी बसलेलं पात्र मनसोक्त बघू शकतं. चालवणाऱ्याला ती नजर फक्त जाणवते. निम्मा विनोद आणि बरीचशी ओढ या विषमतेतच आहे. समोरासमोरची नजर गाडी थांबेल तेव्हासाठी राखून ठेवावी: रेल्वे फाटक, पंक्चर, पेट्रोल पंप. कथेच्या मध्यावर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती दिलं की बघण्याचा हक्कही हात बदलतो. हा बदल फुकट मिळतो, वाया घालवू नये.

शॉटची निवडही इथूनच ठरते. बॉनेटवरून घेतलेला टू-शॉट, म्हणजे दोघंही एकाच चौकटीत दिसणारा शॉट, भांडणासाठी आणि विनोदासाठी सर्वांत चांगला, कारण टायमिंग नटांच्या हातात राहतं. एकमेकांचं बोलणं तोडणारे संवाद वेगवेगळ्या क्लोजअपमध्ये घेतले तर संकलनात जुळत नाहीत: एकाच्या वाक्यावर दुसऱ्याचा आवाज चढलेला असतो आणि प्रत्येक टेकमध्ये तो वेगळ्या जागी चढतो. दोन कॅमेरे असतील तर दोन्ही क्लोजअप एकाच वेळी घ्यावेत. एकच असेल तर टू-शॉट पूर्ण करावा आणि क्लोजअपमध्ये नटांना वाक्यांच्या मधे श्वासभर जागा सोडायला सांगावं.

बॉनेटवरचा कॅमेरा चालकाची दृष्टी अडवत असेल तर नटाने गाडी चालवायचीच नाही; गाडी ट्रेलरवर चढवावी. ट्रेलर परवडत नसेल तर कॅमेरा मागच्या सीटवर किंवा बाजूच्या खिडकीपाशी न्यावा आणि रस्ता परवानगीने बंद करून घ्यावा. कॅमेरा गाडीला चिकटवून धरणारे सक्शन कप लावण्याआधी काच आणि पत्रा अल्कोहोलने पुसावा. कप निसटण्याचं नेहमीचं कारण धूळ असतं. पंपवाल्या कपांवरची लाल रेषा प्रत्येक टेकआधी तपासावी. ती दिसू लागली म्हणजे पकड सैल होते आहे. कॅमेऱ्याचा सुरक्षा पट्टा वेगळा आणि गाडीच्या पक्क्या भागाला बांधलेला हवा.

समोरच्या काचेत आकाश उतरतं आणि चेहरे हरवतात. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला की बरंच आकाश जातं, पण दीड-दोन स्टॉप उजेडही जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड (तापवून कडक केलेल्या) असतील तर पोलरायझरमधून त्यांवर ठिपक्यांची नक्षी उमटते. समोरची काच लॅमिनेटेड (दोन थरांत पातळ फिल्म असलेली) असल्याने तिथे सहसा हा त्रास होत नाही. डॅशबोर्डवर मॅट काळं कापड अंथरल्यास डॅशबोर्डचं काचेतलं प्रतिबिंब थांबतं. आतला चेहरा आणि बाहेरचं ऊन यांतला फरक फार असेल तर मागच्या काचेला ०.६ ची एनडी जेल (रंग न बदलता उजेड कमी करणारी फिल्म) लावावी. दोन स्टॉप उतरतात. साबणाचं पाणी फवारून सुरकुती न ठेवता बसवावी, नाहीतर बुडबुडे चित्रात दिसतात. नटाच्या मांडीवरचा पांढरा टॉवेल चेहऱ्याला खालून उजेड देतो, आणि एवढ्यावर बरेचदा भागतं.

आता रस्त्याचं गणित. ताशी ४० किलोमीटरने तीन मिनिटांचा सीन म्हणजे २ किलोमीटर रस्ता, शिवाय वेग घ्यायला, थांबायला आणि वळायला जागा. परतीच्या फेरीत सूर्य गाडीच्या दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे ती फेरी त्याच शॉटसाठी चालत नाही. एका टेकला दोन फेऱ्या धराव्यात. रिकामी परत येणारी फेरी आवाजासाठी वापरावी.

या प्रकारच्या चित्रपटात आवाजाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं असं माझं ठाम मत आहे. अर्धवट हसू, गिळलेला शब्द, उसासा हे डबिंगमध्ये परत येत नाहीत. दोघांना लेपल माईक (कपड्यांना लावायचा छोटा माईक), तिसरा छताच्या कडेला किंवा सन व्हायझरमध्ये. एसी आणि पंखा बंद, काचा वर. आत उकडतं, म्हणून दोन टेकनंतर दारं उघडावीत. परतीच्या फेरीत त्याच वेगाने, काचा त्याच स्थितीत ठेवून, कुणीही न बोलता ६० सेकंद गाडीचा आवाज मुद्रित करावा. तो नसेल तर संकलनात प्रत्येक कटला इंजिनाची घरघर उडी मारते. सीन संपताच गाडी बंद करून सगळे संवाद एकदा नुसते म्हणवून घ्यावेत, लय तोंडात आहे तोवर.

रात्रीचे सीन मात्र उभ्या गाडीत करावेत. अंधारी जागा, चेसिसखाली लांब फळी घालून हलकासा हेलकावा, आणि पुढून मागे सरकणारा दिवा. दिव्याचा वेग मनाने ठरवू नये: ताशी ४० म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर, खांब ३० मीटरवर धरले तर पावणेतीन सेकंदांनी एक झोत. झोत लवकर येऊ लागले की गाडी पळाल्यासारखी वाटते आणि हळुवार संवाद मरतो. फळी हलवणाऱ्याने ताल धरू नये. रस्ता तालात हलत नाही.

पडद्यावर प्रवासाची दिशा एकच ठेवावी. जाताना गाडी डावीकडून उजवीकडे जात असेल तर उलटा शॉट म्हणजे परत फिरणं; ते खऱ्या माघारीसाठी राखावं.

कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्यातही तशाच ठेवण्यात, कपड्यांवर सगळ्यांचं लक्ष असतं. चुकतं ते पेट्रोलचा काटा, डॅशबोर्डवरचं घड्याळ, मागच्या सीटवरचं सामान आणि गाडीवरची धूळ. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, म्हणून धुळीच्या चार-पाच पायऱ्या ठरवून प्रत्येकीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि सीन नंबरांपुढे पायरी लिहावी. स्वच्छ गाडीचे सीन आधी उरकावेत. धूळ चढवणं सोपं, पण धुतल्यावर तीच धूळ पुन्हा तशीच बसवणं जवळपास अशक्य.

चित्रीकरण चालू असताना गाडीतला रेडिओ वाजवू नये, कट जुळत नाहीत. एखादं गाणं पात्रांनी ऐकायलाच हवं असेल तर रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे असे दोन वेगळे हक्क लागतात, आणि फक्त महोत्सवांपुरती घेतलेली परवानगी पुढे प्रदर्शनाला चालत नाही. गुणगुणलेल्या दोन ओळींनाही रचनेचे हक्क लागतात. ते लेखनाच्या टप्प्यावरच विचारून घ्यावेत किंवा गाणं नवीन लिहून घ्यावं.