रंगवून झाल्यावर मळवता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर वेळी हसून वेळ मारून न्यायचा आता कंटाळा आलाय म्हणून. मी बनवलेलं विमानाचं छोटं मॉडेल हातात घेणारा प्रत्येक जण आधी "वा!" म्हणतो, मग नखाने पंख खरवडून बघतो आणि विचारतो: एवढं देखणं रंगवलंत, वरून मळवलंत कशाला?

पहिली गोष्ट, त्यातलं अर्धं मळ नाहीच. मिग-२१ या लढाऊ विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर. १/४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाच्या मापात, ते १५ सेंटिमीटरही भरत नाहीत. खऱ्या विमानावर पत्र्यांमधली फट दोन मिलिमीटरची धरली, तर मॉडेलवर ती चार शतांश मिलिमीटर व्हायला हवी. मॉडेलचे सुटे भाग बनवणारे किटवाले ती मुद्दाम रुंद कोरतात. तरी प्रायमर, रंग, वार्निश चढलं की तिच्यात सावली पडत नाही, आणि सावलीशिवाय विमान खेळणं वाटतं. म्हणून मी राखाडी रंगाआधी एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने, फटींवरून काळ्या रेघा मारतो. त्यांवर हवेचा दाब कमी, १५ पीएसआयच्या आसपास, ठेवून राखाडीचे अगदी विरळ थर सोडतो, काळं जेमतेम जाणवेल इतके. मग चकचकीत वार्निश, त्यावर तेलरंगाचा वॉश, म्हणजे फटींत उतरणारा पातळ रंग. तो पुसायचा नाकाकडून शेपटीकडे, कारण हवा तशी वाहते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी धरतं, एअरब्रश मध्येच थेंब उडवतो, लॅकर पांढुरकं पडतं. घाण करायची असती तर एवढा खटाटोप कोणी केला असता?

उरलेलं अर्धं मात्र मळच आहे, मान्य. एक्झॉस्टच्या कडेला भाजल्याचा तपकिरी-निळा रंग, पंखाच्या मुळाशी बुटांनी झिजलेला रंग, पोटाखाली हायड्रॉलिक तेलाचे ओघळ. उडणारं विमान असंच दिसतं, हे मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलोय. सगळ्यात ठासून सांगितलं ते माझ्या वडिलांना.

अण्णा नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखान्यात, पेंट शॉपमध्ये होते. मिग-२१ तिथे परवान्यावर बनायची. आधी एफएल, मग एम, मग बिस, अशा तिच्या आवृत्त्या. अण्णांनी रंगवली ती बिस. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, तेव्हा ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. त्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी बिस बनवून नेलं.

अण्णा ते घेऊन खिडकीपाशी गेले. चष्मा बदलला. नाकावरची पिटोची, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीची, काडी मोडू नये म्हणून पोटाखालून दोन बोटांवर तोललं आणि उलटं करून बराच वेळ बघत राहिले.

"हे कुठे पडून होतं?"

"पडून नव्हतं, अण्णा. उडून आलंय. तेलाचे ओघळ आहेत ते."

"आमच्याकडून असं जात नव्हतं."

"तुमच्याकडून गेल्यानंतरचं आहे. स्क्वाड्रनमधलं."

"स्क्वाड्रनवाले विमान धूत नाहीत, असं कोणी सांगितलं तुला?"

मी फोन काढला. राजस्थानातल्या तळांवर उन्हात उभ्या असलेल्या मिगचे फोटो माझ्याकडे होते. त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. अंगठा जिभेला लावला आणि पंखाच्या मुळाशी घासायला लागले. डाग निघणार नव्हता, वरून मॅट वार्निश होतं. ते घासत राहिले. आई म्हणाली, "अहो, राहू द्या की." त्यांनी ऐकलं नाही. घासता घासताच सांगत होते, प्रायमरनंतर पत्र्याला उघडा हात लावायची टाप नव्हती, ठसा दिसला की तेवढा भाग पुन्हा घासायचा, पुन्हा मारायचा.

शेवटी विमान माझ्या हातात देऊन म्हणाले, "माझ्यासाठी केलंस ना? मग मी सोडलं तसं कर. पुढचं मी पाहिलेलं नाही."

त्यांनी ते ठेवून घेतलं नाही. मी परत घेऊन आलो. घरी येईपर्यंत मी रागातच होतो.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, राबलेलं विमान दाखवण्यातच त्याचा मान आहे. मी विचारतो, पण ते धुणारी, पुसणारी माणसंही त्याच तळावर होती ना? तुझ्या ओघळांत ती कुठेच दिसत नाहीत. तो उलट विचारतो, मग कारखान्याच्या दारातलं कोरं विमान तेवढं खरं, आणि सीमेवर उडालेलं खोटं? इथे माझं तोंड बंद होतं. आणि हेही सांगून टाकतो: चांगला ओघळ काढायला हात बसलेला लागतो, मॉडेलवाली मंडळी आधी तोच बघतात, आणि त्यांनी मान डोलावली की मला फार बरं वाटतं. अण्णांसाठी बनवलेल्या विमानावर ते ओघळ नक्की कोणासाठी होते, याचं उत्तर मी रोज वेगळं देतो.

सध्या अण्णांसाठी दुसरं बिस घेतलंय. ओघळ नाहीत, बुटांची झीज नाही. सावल्या मात्र रंगवणार, त्या सोडणार नाही. फोनवर त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "उन्हात नेऊन ठेव, सावली आपोआप पडेल."

पडत नाही. फटीचा सगळा हिशेब मी त्यांना परत सांगितला. त्यांना तो पटलेला नाही.